कॅल्शियमच्या क्षारांची शिरगणती

‘मोजदाद’ हे या अंकाचं सूत्र. मतं, माणसं, वाघ, झाडं मोजणाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे मोजायला घेतलेली गोष्ट त्यामानाने क्षुल्लक वाटेल. कॅल्शियमचे क्षार एकूण किती? प्रश्न शाळेतल्या तोंडी परीक्षेत शोभावा असा, आणि उत्तराची अपेक्षाही तशीच: बारा, चाळीस, फार तर तीनशे. खडू, संगमरवर, जिप्सम, शिंपले, हाडं, मुतखडा, कॅल्शियमच्या गोळ्या अशी यादी करत गेलं तर ती कुठेतरी संपायला हवी. ती संपत नाही. का संपत नाही, याचं नेहमीचं उत्तर ‘रसायनं अगणित असतात’ हे आहे, आणि ते आळशी उत्तर आहे. माझं म्हणणं असं की ‘एक क्षार’ म्हणजे काय हे ठरल्याशिवाय ही मोजणी सुरूच होत नाही, आणि ते ठरवायला बसलं की लक्षात येतं, ‘कॅल्शियम’ हे नाव निम्मीच माहिती देतं. उरलेली निम्मी त्याच्या जोडीदारात, त्यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यात आणि सगळ्यांच्या मांडणीत असते. ही निम्मी माहिती गाळली की काय घोळ होतो हे पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. गणेशोत्सवातली पुण्यातली एक बादली पुरते.

बादलीतलं विसर्जन

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काही वर्षांपूर्वी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींसाठी एक पद्धत पुढे आणली आणि महापालिकेने ती उचलून धरली. बादलीत पाणी घ्यायचं, त्यात अमोनियम बायकार्बोनेटची पांढरी पावडर ढवळायची (बेकरीत बिस्किटं फुगवायला वापरतात तीच), आणि मूर्ती आत सोडायची. पावडर साधारण मूर्तीच्या वजनाएवढी. थोड्या वेळाने मूर्तीच्या अंगावर बारीक बुडबुडे धरतात, अमोनियाचा वास नाकात जातो, पृष्ठभाग भुसभुशीत होऊन पांढरा गाळ तळाशी बसू लागतो. अधूनमधून ढवळत राहिलं तर लहान मूर्ती एक-दोन दिवसांत मोडून जाते. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं. तळाशी राहतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच गाळ.

‘मूर्ती विरघळली’ असं आपण म्हणतो, पण कॅल्शियम कुठेच गेलेलं नाही. ते आधी सल्फेटबरोबर होतं, आता कार्बोनेटबरोबर आहे. हा बदल का होतो, हे दोन आकड्यांत आहे. मूर्तीतलं जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. कॅल्शियम कार्बोनेट शुद्ध पाण्यात लिटरमागे पंधरा मिलिग्रॅमच्या आतच. पाण्यात सुटलेल्या कॅल्शियमला कार्बोनेट भेटलं की ते तळाशी बसतं, मग जिप्सममधून आणखी थोडं कॅल्शियम सुटतं, तेही बसतं, आणि हे मूर्ती संपेपर्यंत चालतं. वजनाचा हिशेबही जुळतो: एक किलो जिप्समला सुमारे ९२० ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागतं आणि त्यातून सुमारे ५८० ग्रॅम खडू पडतो. नुसत्या पाण्यावर भिस्त ठेवली असती तर त्याच एका किलोला चारशे लिटरच्या वर पाणी लागलं असतं. दहा लिटरच्या बादलीत विरघळणार पंचवीस ग्रॅम, म्हणजे मूर्तीच्या सोंडेचं टोक.

इथे एक लोकप्रिय समज तपासून घ्यायला हरकत नाही. ‘शाडू विरघळतो, पीओपी विरघळत नाही’ हे वाक्य दर भाद्रपदात ऐकू येतं. रसायनाच्या काटेकोर अर्थाने ते उलटं आहे. शाडू ही चिकणमाती. ती पाण्यात विरघळत नाही, तिचे कण सुटे होऊन पसरतात. पीओपी थोडं का होईना, खरोखर विरघळतं; पण त्याचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असल्याने मूर्ती आकार सोडत नाही. म्हणून पीओपीच्या बाजूने कौल द्यावा असं मी म्हणत नाही. नदीच्या तळाशी आकार धरून पडलेल्या मूर्तींचा त्रास खरा आहे, आणि रंगांतल्या धातूंचा प्रश्न तर बादलीतल्या पावडरीनेही सुटत नाही. मुद्दा एवढाच की वाद ‘कॅल्शियमच्या मूर्ती’बद्दल नाही. एका विशिष्ट क्षाराच्या विशिष्ट वागणुकीबद्दल तो आहे.

त्या मूर्तीचा मागचा प्रवास पाहिला तर मोजणीची पहिली पंचाईत समोर येते. आपल्याकडचं बहुतेक नैसर्गिक जिप्सम राजस्थानातून येतं. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे दोन रेणू असतात, वजनाच्या जवळजवळ २१ टक्के पाणीच. ते दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की पाऊण पाणी निघून जातं. किलोमागे सुमारे १५७ ग्रॅम वाफ. उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. पेणच्या कारखान्यात त्यात पुन्हा पाणी कालवून ते रबरी साच्यात ओततात, तेव्हा गेलेलं पाणी ते परत घेतं, हाताला कोमट लागतं आणि काही मिनिटांत घट्ट होतं. म्हणजे मूर्ती पीओपीची म्हणून विकली जाते, पण साच्यातून निघते ती जिप्समची. १७६५ साली २१ वर्षांच्या लाव्हाझिएने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जिप्समवरचा निबंध वाचला, त्यात घट्ट होण्याचं हे कोडं त्याने पाण्याच्या जाण्यायेण्याने उलगडलं होतं. भट्टी फार तापली आणि सगळंच पाणी गेलं तर निर्जल सल्फेट उरतं, आणि भाजणं अतीच झालं तर ते पाणी घालूनही घट्ट होत नाही. आता सांगा: दोन पाण्यांचा, अर्ध्या पाण्याचा आणि बिनपाण्याचा, हा एक क्षार की तीन? धातू तोच, आम्लही तेच. पण ज्याच्या साच्यातली मूर्ती घट्टच झाली नाही त्या कारागिराला विचारलं तर तो तीनच म्हणेल.

दोन इलेक्ट्रॉनांचा हिशेब

क्षार म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. आम्लातल्या हायड्रोजनची जागा धातूने घेतली की क्षार तयार होतो. आतून पाहिलं तर त्यात धनभारित कण आणि ऋणभारित कण अशा प्रमाणात असतात की एकूण भार शून्य व्हावा. हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये लंडनमध्ये विजेच्या साहाय्याने पहिल्यांदा वेगळं केलेलं कॅल्शियम निसर्गात सुटं सापडत नाही. ते नेहमी दोन इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं असतं. दोनच का? पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ५९० किलोजूल ऊर्जा लागते, दुसऱ्याला १,१४५. तिसऱ्याला एकदम ४,९१२, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातून ओढावा लागतो. दुहेरी भाराचा कण स्फटिकात जास्त घट्ट बसतो, त्यातून सुटणारी ऊर्जा दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च भरून काढते; तिसऱ्याचा खर्च काही केल्या भरून निघत नाही. एकावर थांबणंही परवडत नाही: एक कॅल्शियम आणि एक क्लोरीन असा क्षार कागदावर लिहिता येतो, पण नेहमीच्या परिस्थितीत त्यातून धातूचं कॅल्शियम आणि दोन क्लोरीनवालं कॅल्शियम क्लोराईडच पडेल.

म्हणजे मोजणीला पहिलं कुंपण इथेच पडतं. काहीही कशाशीही जुळत नाही. पण याच कणाचा दुसरा गुण कुंपणाला दारं पाडतो. कॅल्शियमचा कण आकाराने मॅग्नेशियमपेक्षा मोठा, आणि किती शेजारी हवेत याबद्दल फारसा हट्टी नाही. मॅग्नेशियमभोवती सहसा सहा ऑक्सिजन बसतात. कॅल्शियमभोवती कॅल्साइटमध्ये सहा असतात, जिप्सममध्ये आठ, ॲरागोनाइटमध्ये नऊ, हाडातल्या ॲपटाइटमध्ये काही जागी सात आणि काही जागी नऊ. एवढा जुळवून घेणारा धातू जिवांनी शिंपल्यापासून कण्यापर्यंत सगळीकडे वापरला यात नवल नाही.

कागदावरची गर्दी

आता कागदावर मोजू. मुंगीच्या दंशातल्या फॉर्मिक आम्लात एक कार्बन असतो, व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लात दोन, प्रोपिओनिकमध्ये तीन. प्रत्येकाचा कॅल्शियम क्षार आहे. तिसरा तर पावाच्या वेष्टनावर ‘२८२’ या क्रमांकाने छापलेला असतो, बुरशी लांबवण्यासाठी. चार कार्बनांपासून साखळीला फांद्या फुटू शकतात, म्हणून तिथे दोन वेगवेगळी आम्लं होतात. पाचाला चार, सहाला आठ, सातला सतरा. दहा कार्बनांपर्यंत पोचलं की याच एका साध्या घराण्यात, आरशातल्या प्रतिमा वेगळ्या न धरता, २११ आम्लं होतात. कॅल्शियमला जागा दोन असल्याने दोन्हीकडे वेगवेगळं आम्ल बसवायची मुभा दिली तर नुसत्या दहा कार्बनांच्या आम्लांपासून २२,३६६ क्षार लिहिता येतात. साबणाच्या मेणचट साक्यात अठरा कार्बनांच्या आम्लाचा कॅल्शियम क्षार असतो. तिथवर गणित करायला बसू नये. आणि अमुक लांबीनंतर साखळी बंद, असा कोणताही नियम नाही.

यावर हरकत येईल ती रास्तच आहे: कागदावर लिहिता येणं म्हणजे अस्तित्वात असणं नव्हे. त्या २२,३६६ पैकी बहुतेक कुणी केलेले नाहीत. दोन वेगळी आम्लं कॅल्शियमला एकत्र दिली तर पुष्कळदा दोन वेगळे क्षार शेजारी शेजारी पडतात, एक मिश्र क्षार होतोच असं नाही. मग जे खरोखर नोंदले गेले तेवढेच मोजावेत का? अमेरिकेतली ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ची सूची जगभरच्या पदार्थांना क्रमांक देते आणि तिची नोंद २० कोटींच्या पुढे गेली आहे. त्यातले कॅल्शियमवाले गाळून काढता येतील. पण ही सूची निर्जल क्षाराला एक क्रमांक देते आणि पाणीवाल्याला दुसरा. काही मिश्रणांनाही तिथे क्रमांक मिळतो. तो आकडा सूचीच्या नियमांबद्दल जास्त सांगेल, कॅल्शियमबद्दल कमी. शिवाय तो केलेल्यांचा आकडा. होऊ शकणाऱ्यांचा नव्हे.

उलटं उदाहरण याहून मजेशीर आहे. कॅल्शियम बायकार्बोनेट हे नाव शाळेतल्या प्रत्येकाने लिहिलेलं असतं, पाण्याचा तात्पुरता कठीणपणा शिकताना. बोअरचं पाणी तापवलं की गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तो त्याच्यामुळेच. पण कॅल्शियम बायकार्बोनेटची घन पावडर भरलेली बाटली कोणत्याही प्रयोगशाळेच्या कपाटात नाही. पाण्यात त्याचे दोन्ही कण सुखाने नांदतात. पाणी आटवायला घेतलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हाती कार्बोनेट येतं. याला एक क्षार धरायचं की नाही? ‘बाटलीत भरता येतो तोच क्षार’ असं म्हटलं तर हा बाद. तो बाद केला तर चुनखडीतल्या गुहा, गीझरवरचा थर आणि साबणाचा न येणारा फेस या सगळ्यांचं कारण यादीबाहेर राहिलं.

टीसीएलची पिशवी

ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात ज्या पावडरीला सगळे टीसीएल म्हणतात, ती विरलेल्या कोरड्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडून बनवतात. गावोगावचा पाणी सोडणारा कर्मचारी ती मोजून बादलीत घेतो, पाण्यात कालवतो, तळाशी चुन्याचा साका बसू देतो आणि वरची निवळी टाकीत ओततो. नंतर नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहिलं जातं. रंग आला, क्लोरीन आहे. पाठ्यपुस्तकात या पावडरीला एक सूत्र आहे: एका कॅल्शियमला एकीकडे क्लोराईड, दुसरीकडे हायपोक्लोराईट. दोन जागांवर दोन वेगळे जोडीदार असलेला मिश्र क्षार म्हणून दीर्घकाळ तेच दाखवलं जाई.

१९३०च्या दशकात क्ष-किरणांनी पावडर तपासली गेली तेव्हा त्या सूत्राचा स्फटिक तिच्यात मिळाला नाही. मिळाला तो कॅल्शियम हायपोक्लोराईट, क्लोराईडचे चुना धरून बसलेले क्षार आणि उरलेला चुना यांचा मेळा. एक सूत्र, पण पिशवीत क्षार अनेक. आणि पिशवी उघडी राहिली की त्यांची संख्या पुन्हा बदलते: हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड आत शिरतात, क्लोरीन निघून जातो, कार्बोनेट वाढतं. ताज्या पावडरीत वापरता येण्याजोगा क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. ओलसर खोलीत तोंड न बांधलेल्या गोणीत तो उतरत जातो. रंग तोच पांढरा, वजन जवळपास तेच, नाव तेच. गावाला जुलाब होतात तेव्हा ‘टीसीएल टाकलं होतं’ हे खरं असू शकतं आणि निरुपयोगीही. क्षारांचा हिशेब हा घोकंपट्टीचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोणी विचारात घ्यावी.

वाघोलीचा निळा दगड

पुण्याजवळच्या वाघोलीतल्या काळ्या दगडाच्या खाणी क्रशरसाठी चालत आल्या, पण जगभरचे खनिजसंग्राहक त्यांना ओळखतात ते कॅव्हॅन्साइटमुळे. बेसॉल्टमधल्या पोकळीत, पांढऱ्या किंवा पीच रंगाच्या स्टिल्बाइटवर बसलेले गडद निळ्या काड्यांचे गोळे. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव पडलं; खनिज म्हणून त्याचं वर्णन अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या नमुन्यांवरून १९७३ मध्ये झालं, पण उत्तम नमुने म्हटलं की वाघोलीच. त्याच खाणींत पेंटॅगोनाइट नावाचं दुसरं निळं खनिजही मिळतं. दोघांचं रासायनिक सूत्र अक्षरशः एक, पाणीसुद्धा तेवढंच. फक्त सिलिकेटची वीण वेगळी. सूत्रांवरून मोजणाऱ्याला हे एक, स्फटिकांवरून मोजणाऱ्याला दोन.

खडूचंही तसंच. कॅल्शियम कार्बोनेट कॅल्साइट म्हणून असतं, ॲरागोनाइट म्हणून असतं आणि क्वचित वॅटेराइट म्हणून. कोंबडीच्या अंड्याचं कवच कॅल्साइटचं, मोत्याची झळाळी ॲरागोनाइटच्या थरांची. पाणी सामील झालं की आणखी रूपं येतात. ग्रीनलंडच्या इक्का खाडीत, गोठण्याच्या जवळपास असलेल्या पाण्यात, सहा पाण्यांचं कार्बोनेट मनोऱ्यांसारखं उभं राहतं. बाहेर काढून ऊब लागली की ते साध्या कार्बोनेटचा लगदा होतं. एक पाण्याचं रूपही माहीत होतं. एवढ्या अभ्यासलेल्या, खडू म्हणून प्रत्येकाच्या बोटांना लागलेल्या क्षाराची यादी तरी पुरी झाली असेल असं वाटत असतानाच २०१९ मध्ये अर्ध्या पाण्याच्या कार्बोनेटचा स्फटिक प्रयोगशाळेत मिळाला. त्याच्या जन्माला थोड्या मॅग्नेशियमची मदत लागली.

हे बारकावे फक्त संग्राहकांच्या कामाचे नाहीत. मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, पण एक पाण्याचा खडा आणि दोन पाण्यांचा खडा यांत फरक आहे. लघवीत दोन्ही बनतात. आघातलहरींनी खडा फोडायचा ठरला तर दोन पाण्यांचा तुलनेने लवकर फुटतो आणि एक पाण्याचा चिवटपणा करतो. पाण्याच्या एका रेणूवर उपचाराची पद्धत बदलू शकते.

आणि सिलिकेटांना क्षार तरी म्हणायचं का? काटेकोर मंडळी म्हणतील, सिलिसिक आम्लाचे क्षार म्हणून म्हणावं. खाणीत काम करणारा त्याला दगड म्हणेल. कॅल्शियम कार्बाईड, ज्याच्या पुड्या आंब्याच्या पेट्यांत ठेवण्यावर अन्नसुरक्षा कायद्याने बंदी आहे, ते तत्त्वतः ॲसिटिलीन या अतिदुबळ्या आम्लाचा क्षार ठरतं. चुना मात्र, ज्याच्यापासून यातलं पुष्कळ काही बनतं, तो क्षार नव्हेच, तो आम्लारी. इतक्या सीमा ओलांडून आलेला कोणताही एक आकडा मी तरी स्वीकारणार नाही.

पाणी कोणाला ठेवून घेतं

मग संख्या अनंत म्हणून सोडून द्यावी? तसंही नाही, आणि हे पाहायला साखर कारखाना बरा. आपल्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस गरम करून त्यात ‘मिल्क ऑफ लाईम’, म्हणजे पाण्यात कालवलेला चुना, आणि गंधक जाळून केलेला वायू एकत्र सोडतात. रसात थोडं फॉस्फरिक आम्लही घातलेलं असतं. उसाच्या रसात आधीच डझनावारी सेंद्रिय आम्लं असतात, त्यामुळे कागदी हिशेबाने कॅल्शियमने इथे शेकडो क्षार करायला हवेत. करतंही असेल, पण त्यातले बहुतेक पाण्यात विरघळलेलेच राहतात, म्हणजे कॅल्शियम आणि आम्ल सुटे सुटे फिरत राहतात. बाहेर पडतात ते मोजके: सल्फाइट आणि फॉस्फेट. तेच रसातला मळ आणि रंग कवटाळून खाली बसतात आणि प्रेसमड होऊन शेतात जातात. पुढे रस आटवायच्या नळ्यांत आणखी दोन-चार क्षार आतल्या बाजूला चिकटतात, सल्फेट, ऑक्झलेट, सिलिकेट, आणि हंगामात वेळोवेळी काम थांबवून कॉस्टिकने उकळून, घासून ते काढावे लागतात.

हेच सगळीकडे आहे. निसर्ग आणि कारखाने कॅल्शियमच्या असंख्य शक्यतांमधून जे निवडतात ते विरघळण्याच्या कसोटीवर. न विरघळणारे कार्बोनेट, फॉस्फेट, ऑक्झलेट, फ्लोराइड हे डोंगर, हाडं, खडे आणि थर होतात. सहज विरघळणारे क्लोराईड, नायट्रेट हे समुद्रात आणि द्राक्षबागेच्या ठिबकच्या नळीत राहतात. म्हणून मला वाटतं, ‘किती असू शकतात’ आणि ‘किती टिकून भेटतात’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिल्याला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे, आणि त्या त्या जागी ते बोटांवर मोजण्याइतकं लहान असतं.

हाडापाशी मोजणी थांबते

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे लहान यादीही हातून निसटते, आणि ते आपल्याच अंगात आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. हाडातल्या क्षाराला पुस्तकात हायड्रॉक्सिॲपटाइट म्हणतात, आणि त्याचं सूत्र नेमकं आहे: दर सहा फॉस्फेटमागे दहा कॅल्शियम. खऱ्या हाडात हे प्रमाण तंतोतंत मिळत नाही. काही फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट बसलेलं असतं, काही कॅल्शियमच्या जागी सोडियम किंवा मॅग्नेशियम, काही जागा रिकाम्याच. कार्बोनेट काही टक्के असतं आणि ते वयाप्रमाणे, हाडाच्या जागेप्रमाणे बदलतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे ते हायड्रॉक्सिलच्या जागी एकेक करून शिरतं, दात डागाळतात, हाडं ताठर होतात. शिरण्याच्या या वाटेवर असा एकही टप्पा नाही जिथे बोट ठेवून म्हणता येईल की इथपर्यंत जुना क्षार होता आणि इथून नवा सुरू झाला. रंगाच्या छटांची संख्या मोजता येत नाही तशी इथे क्षारांची संख्या मोजता येत नाही. इथे अडतं ते आपल्या अज्ञानामुळे नाही. वस्तूच सलग आहे.

रसायनशास्त्रज्ञ यावर म्हणतील, यात नवीन काय, घन द्रावणं आम्हाला ठाऊक आहेत. ठाऊक आहेतच. पण मग ‘कॅल्शियमचे अमुक इतके क्षार’ असं वाक्य लिहिताना हाडाला बाहेर ठेवावं लागतं, आणि शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम वगळणारी मोजणी फारशी कामाची नाही.

चिठ्ठीवरचं निम्मं नाव

‘हा सगळा काथ्याकूट आहे, कॅल्शियम मिळालं म्हणजे झालं’ असं म्हणणाऱ्याला औषधाच्या दुकानात न्यावं. पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असेल तर कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम पुरतं, कारण त्यात ४० टक्के कॅल्शियम आहे. सायट्रेट घ्यायचं तर सुमारे २.४ ग्रॅम, ग्लुकोनेट घ्यायचं तर पाच ग्रॅमच्या वर. लॅक्टेटचं उत्तर पाण्यावर ठरतं: निर्जल असेल तर १८ टक्के, पाच पाण्यांचं असेल तर १३. कार्बोनेटला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. आम्ल कमी करणारी औषधं रोज घेणाऱ्याला सायट्रेट बरं. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘कॅल्शियम’ आणि मागे बारीक अक्षरात बाकीचं, अशी मांडणी असते तेव्हा कामाची निम्मी माहिती बारीक अक्षरांत असते.

गोठ्यात तर गोष्ट तातडीची होते. नुकतीच व्यालेली जास्त दुधाची गाय किंवा म्हैस अंग टाकते, मान कुशीकडे वळवून बसते, उठत नाही. हा मिल्क फीवर. पशुवैद्य शिरेतून जी बाटली लावतात तिला शेतकरी कॅल्शियमची बाटली म्हणतो. आत असतं कॅल्शियम बोरोग्लुकोनेट. साधं ग्लुकोनेट थंड पाण्यात शंभर मिलिलिटरमागे तीन-चार ग्रॅमच्या पुढे नीट राहत नाही, म्हणून बोरिक आम्ल घालून ते जास्त विरघळतं केलेलं असतं. बाटली अंगाच्या तापमानाला आणून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश सोडतात. घाई केली तर तेच कॅल्शियम हृदय थांबवू शकतं. हा एक वेगळा क्षार की ग्लुकोनेट आणि बोरिक आम्लाचं संगनमत, यावर दोन मतं होऊ शकतात, पण त्या बाटलीऐवजी दुसऱ्या क्षाराची बाटली चालेल असं कोणी म्हणणार नाही.

माणसांच्या रुग्णालयात हा फरक आकड्यांत दिसतो. दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट आणि दहा टक्क्यांचं कॅल्शियम क्लोराईड, दोन्ही दहा-दहा मिलिलिटरची, दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. पहिल्यात कॅल्शियम सुमारे ९३ मिलिग्रॅम, दुसऱ्यात सुमारे २७३. शिरेबाहेर गळालं तर क्लोराईड भोवतालची त्वचा जाळण्याचा धोका बराच जास्त. चिठ्ठीवर नुसतं ‘इंजेक्शन कॅल्शियम, १० मिलि’ एवढंच लिहिलं असेल, तर मात्रा तिप्पट होणार की नाही हे कपाटात कोणती ॲम्प्यूल पुढे ठेवली आहे त्यावर ठरतं.